मार्च, ऑगस्ट, ऑक्टोबर : इंदूरची सरासरी तीच, मग आईला कधी आणू?

मीनल_इंदूर | २१ मे, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (नुसती वाचनमात्र) आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आई (वय ७४) डोंबिवलीला एकटी राहते. यंदा पहिल्यांदाच चार-सहा महिने माझ्याकडे इंदूरला राहायला तयार झालीये. आजवर दोनदाच आली, एकदा साखरपुड्याला आणि एकदा बारशाला. दोन्ही वेळा डिसेंबर होता आणि दोन्ही वेळा सर्दी घेऊन परत गेली. त्यामुळे तिच्या लेखी इंदूर म्हणजे "तुमचं ते काश्मीर". उलट माझा भाऊ एकदा मेमध्ये आला होता, तो म्हणतो, आईला तिकडच्या भट्टीत नेऊ नकोस.

नवरा म्हणाला, वाद कशाला, आकडे बघ. म्हणून महिन्यावार सरासरी तापमान शोधलं. ढोबळमानाने असं दिसतं: जानेवारी १८, फेब्रुवारी २१, मार्च २५, एप्रिल ३०, मे ३२-३३, जून ३०, जुलै २७, ऑगस्ट २५, सप्टेंबर २६, ऑक्टोबर २५-२६, नोव्हेंबर २२, डिसेंबर १९.

आता दोन गोष्टी कळेनात. एक, मुंबईचा मे ३०च्या आसपास आणि आमचा ३२-३३. म्हणजे फरक फक्त दोन-तीन अंशांचा? मी हे कूलरसमोर बसून लिहितेय आणि तरी माझा विश्वास बसत नाहीये. दुसरं, मार्च, ऑगस्ट आणि ऑक्टोबर तिन्ही २५च्या घरात. मग तिन्ही महिने सारखेच ना? लग्नाला अकरा वर्षं झाली, पण सकाळी साडेआठला ऑफिसात शिरते आणि सातला बाहेर पडते. खरं सांगायचं तर इंदूरची दुपार मी कधी पाहिलेलीच नाही.

कधी आणू?

---

चिमटा | २१ मे, रात्री १०:५८

आईंना विचारलंत का?

---

आकडेमोड | २१ मे, रात्री ११:३६

मीनलताई, कोष्टक बरोबर आहे, घोटाळा वाचण्यात आहे.

आपल्याकडे दिवसाची सरासरी काढायची साधी रीत म्हणजे त्या दिवसाचं कमाल आणि किमान तापमान, भागिले दोन. मग महिन्याच्या सगळ्या दिवसांची सरासरी, आणि मग तीस वर्षांच्या त्या महिन्याची. सध्या हवामान खातं तापमानासाठी १९९१ ते २०२० हा काळ धरतं. म्हणजे तुमच्या हातात जो एक आकडा पडतो तो तीनदा दळलेला असतो. भाजणी दळून आणल्यावर त्यात बाजरी किती आणि चणाडाळ किती हे पिठाकडे बघून सांगता येतं का? तसं आहे हे.

आता तुमचे तीन महिने सोडवून दाखवतो (ढोबळ आकडे, अर्धा-एक अंश इकडेतिकडे धरा).

मार्च: दिवसा ३४, रात्री १६-१७.
ऑगस्ट: दिवसा २८, रात्री २२.
ऑक्टोबर: दिवसा ३२-३३, रात्री १८.

तिन्हींची सरासरी पंचवीस. पण मार्चमध्ये दिवस-रात्रीत सतरा-अठरा अंशांची दरी, आणि ऑगस्टमध्ये जेमतेम सहाची. मार्चमध्ये आईंना दुपारी पंखा लागेल आणि पहाटे गोधडी. ऑगस्टमध्ये चोवीस तास एकच कपडे चालतील, फक्त ते वाळणार नाहीत.

आणखी एक गंमत, जी इंदुरात जन्म काढलेल्यांनाही पटत नाही. इथला ऑगस्टचा दिवस फेब्रुवारीच्या दिवसापेक्षा थंड असतो. फेब्रुवारीचं सरासरी कमाल साडेएकोणतीसच्या आसपास, ऑगस्टचं अठ्ठावीस-साडेअठ्ठावीस. फेब्रुवारी थंड वाटतो तो रात्रीमुळे.

मे महिन्याचंही तेच. मुंबईचा मे म्हणजे ३३ आणि २७. आमचा ४० आणि २५. दोन-तीन अंशांचा फरक जो दिसतो तो आपल्या रात्रींनी दिलेली सूट आहे, दुपार तिथे वसूल करते.

---

राजवाड्यामागे | २२ मे, सकाळी ६:१५

आकडेमोडसाहेबांना दंडवत. पण भिया (म्हणजे इंदुरी भैया), मार्च समजायला कोष्टक नाही, रंगपंचमीची गेर, रंग उडवत निघणारी मिरवणूक, पाहिजे.

आमची चौथी पिढी इंदुरात. लहानपणापासून दरवर्षी तेच होऊन राहिलंय. सकाळी अकराला राजवाड्यावर गेरमध्ये शिरायचं. ऊन असं की टँकरचं पाणी अंगावर आलं तर देवाची कृपा वाटते. तीन-चार तास ओले होऊन नाचायचं. मग कोणीतरी म्हणणार, चला, कचोरी खाऊ. खाता खाता पाच-साडेपाच वाजतात, सूर्य कलतो, आणि ओल्या सदऱ्यात एकदम हुडहुडी भरते. दुसऱ्या दिवशी निम्मा मोहल्ला शिंकतो. आई म्हणायची, रंगपंचमीची सर्दी गुढीपाडव्यापर्यंत पाहुणी.

तुमच्याकडे "होळी जळाली, थंडी पळाली" म्हणतात ना? आमच्याकडे ती पळते फक्त दिवसा, रात्री परत घरी येते.

बाकी मालव्याच्या रात्रीबद्दल काय सांगू. जुने लोक सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध म्हणून झाल्यावर तिसरं नाव शब-ए-मालवाचंच घेतात. मेमध्येसुद्धा गच्चीवर पाणी मारून गादी टाकली की पहाटे चादर शोधावी लागते. आईंना कधीही आणा, रात्र आमची गॅरंटी.

---

गच्चीप्रेमी | २२ मे, सकाळी ७:०२

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून. ही गॅरंटी किती सालची आहे?

मी विजयनगरकडे राहतो. चारही बाजूंनी सहा-सात मजली इमारती. हल्ली मेमध्ये रात्री अकरालाही गच्चीची फरशी पायाला गरम लागते. पाणी मारलं तर वाफ येते. चादर लागते ती डासांसाठी.

---

राजवाड्यामागे | २२ मे, सकाळी ७:२०

विजयनगर म्हणजे इंदूर का? आमच्या लहानपणी तिथे शेतं होती.

---

गच्चीप्रेमी | २२ मे, सकाळी ७:२४

तेच तर म्हणतोय. शेतं होती. आता नाहीत.

---

चिमटा | २२ मे, सकाळी ७:३१

पोहे-जिलबी खाऊन भांडा रे. उपाशीपोटी तापमान वाढतं.

---

दांडियाबाजार | २२ मे, सकाळी ९:४०

बडोद्याहून हजेरी. इंदूरकरांच्या रात्रीच्या कौतुकाचा मला नेहमी हेवा वाटतो, कारण आमच्याकडे ती सोयच नाही.

तुमची आमची दुपार जवळजवळ सारखी. मेमध्ये आमचं कमाल ४०-४१, तुमचं ४०. खरा फरक अंधार पडल्यावर. तुम्ही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर बसलात, आम्ही जेमतेम पस्तीस-चाळीसवर. त्यात मेच्या उत्तरार्धात खंबातच्या आखाताकडून नैर्ऋत्येचा वारा सुरू होतो. ऐकायला छान वाटतं, समुद्राचा वारा! पण तो ओल घेऊन येतो आणि रात्र सत्तावीसच्या खाली उतरू देत नाही. दुपारी भाजतो, रात्री उकडतो. दोन्ही पद्धतींनी शिजवलेला माणूस म्हणजे बडोदेकर.

आमची खरी मिरास हिवाळा. जानेवारीत दुपारी तीस, रात्री बारा-तेरा. उत्तरायणाला सकाळी गच्चीवर स्वेटर घालून चढायचं आणि अकरा वाजता तोच स्वेटर कमरेला बांधून पतंग उडवायचा. दुपारी उंधियो खाऊन तिथेच आडवं व्हायचं. तुमच्या आईंना सर्दीचा त्रास आहे तर डिसेंबर-जानेवारी बडोद्याला धाडा, आमच्याकडे खोली रिकामी आहे.

---

लष्करची_लेक | २२ मे, सकाळी ११:१८

तुम्ही दोघं काय तक्रार करताय? ग्वाल्हेरला या.

माझं माहेर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं, जयेंद्रगंजाजवळ. आमच्याकडे मे आणि जून हे जुळे भाऊ आहेत. इंदूरला जूनच्या मध्यापासून ढग यायला लागतात म्हणून तुमचा जून मेपेक्षा मवाळ. आमच्याकडे पाऊस पोचेपर्यंत जून संपत आलेला असतो. दिवसा चाळीस-बेचाळीस आणि जूनच्या रात्री अठ्ठावीस. म्हणजे जूनची रात्र मेच्या रात्रीपेक्षाही गरम. लू, म्हणजे तो भाजणारा कोरडा वारा, काय असते ते तुम्हाला कळायचं नाही. आजी खिशात कांदा ठेवल्याशिवाय बाहेर सोडायची नाही. कांद्याने लू अडते की नाही देव जाणे, पण वर्गात पंचवीस पोरांच्या खिशात कांदे असले की मास्तर लवकर सोडायचे.

आणि जानेवारी? कोष्टकात दिवसाचं बावीस-तेवीस दिसेल. फसू नका. त्यात ऊन पडलेले पंचवीसचे दिवसही आहेत आणि धुकं बसलेले चौदा-पंधराचे दिवसही. धुक्याच्या दिवशी सूर्यनारायण दुपारी दोनला हजेरी लावून तीनला सही करून जातात. डिसेंबरातला तानसेन समारोह आम्ही रजया पांघरून ऐकलाय. गाणं संपून टाळ्या वाजवायच्या तर हात रजईतून कोण काढणार?

बडोद्याचा तीस अंशांचा जानेवारी! त्याला हिवाळा म्हणता?

---

दांडियाबाजार | २२ मे, सकाळी ११:२५

म्हणतो. स्वेटर विकत घेतलेत, ते कधी घालणार?

---

पाटनीपुरा | २२ मे, दुपारी २:४४

हे सगळे सरकारी आकडे सोडा. काल दुपारी माझ्या गाडीच्या काट्यावर ४७ होतं. आज पेपरात ४२. पाच अंश कुठे गेले? लपवतात, दुसरं काय. वर उष्णतेची लाट पण जाहीर करत नाहीत.

---

ठिपका | २२ मे, दुपारी २:५०

+१. माझ्या स्कूटीची सीट तर पन्नास असणार.

---

आकडेमोड | २२ मे, दुपारी ४:०५

पाटनीपुराजी, कोणी लपवलेले नाहीत, तुमच्या बॉनेटखाली आहेत.

वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. पेटीला चारही बाजूंनी झडपा, आत हवा खेळती, ऊन थेट नाही, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंच, आसपास मोकळी जागा. त्याला हवेचं तापमान मोजायचं असतं. तुमच्या गाडीचा संवेदक डांबरी रस्त्याच्या वितीवर, इंजिनाच्या शेजारी. तो खोटं बोलत नाही, तो रस्त्याचं आणि गाडीचं तापमान सांगतोय. ठिपकाताईंची सीट तर थेट उन्हात, ती पन्नासच्याही वर जात असेल.

लाटेबद्दल: मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० पाहिजे आणि त्या तारखेच्या सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त पाहिजे, तेव्हा लाट म्हणतात. किंवा मग सरळ ४५ गाठलं पाहिजे. आपल्या मेची सरासरीच ४०, म्हणजे साडेचव्वेचाळीसच्या आत काहीही झालं तरी कागदावर तो "नेहमीचा मे". हेच ४३ मार्चमध्ये झालं तर हाहाकार. म्हणजे बघा, सरासरीला शिव्या घालायच्या, पण लाट मोजायची तीही तिच्याच पट्टीने.

आता गच्चीचा वाद. इंदूरची अधिकृत नोंद विमानतळाकडची, शहराच्या पश्चिम कडेला, मोकळ्यावर. तिथली रात्र लवकर निवते. सूर्य मावळला की जमीन आपली उष्णता आकाशात सोडते. हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असेल तर अडवायला कोणी नसतं. शब-ए-मालवा म्हणतात ती हीच: कोरडी हवा, उंच पठार आणि संध्याकाळचा पश्चिमेचा वारा. पण सिमेंटच्या भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर परत करतात, उंच इमारती वारा अडवतात. त्यामुळे शहर वाढलं की दुपारपेक्षा रात्र जास्त बिघडते. तेव्हा काका विमानतळावर झोपले तर बरोबर आणि गच्चीप्रेमी विजयनगरला झोपले तर तेही बरोबर.

---

राजवाड्यामागे | २२ मे, दुपारी ४:३०

मी विमानतळावर कशाला झोपू?

---

चिमटा | २२ मे, दुपारी ४:३१

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

---

ठिपका | २२ मे, संध्याकाळी ६:१२

अवांतर शंका. सूर्य सगळ्यात वर जूनमध्ये येतो ना? मग मे का जास्त गरम? आणि नौतपा २५ मेपासूनच का?

---

आकडेमोड | २२ मे, संध्याकाळी ७:४८

अवांतर नाही, धाग्याचा गाभाच आहे.

कर्कवृत्त उज्जैनच्या अगदी थोडं उत्तरेकडून जातं. म्हणून तिथल्या जयसिंगांच्या वेधशाळेत २१ जूनला भर दुपारी शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते. इंदूर त्याच्या किंचित दक्षिणेला, त्यामुळे आपल्या डोक्यावरून सूर्य दोनदा जातो: जूनच्या पहिल्या आठवड्यात वर जाताना आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात परतताना. त्या दिवशी दुपारी उभ्या खांबाला सावलीच नसते.

नुसतं सूर्यावर असतं तर जून-जुलै सगळ्यात तापले असते. पण जूनच्या मध्यानंतर ढग येतात, माती भिजते, आणि सूर्याची बरीचशी ताकद पाणी वाळवण्यात खर्च होते. मेमध्ये ना ढग ना ओल, सगळी उष्णता थेट हवेला. ऑक्टोबरात उलट होतं. ढग जातात, आभाळ धुतलेलं, दिवस ऑगस्टपेक्षा चार-पाच अंशांनी चढतो. ऑक्टोबर हीट म्हणतात ती हीच. पण तोवर रात्री मोठ्या व्हायला लागलेल्या असतात, म्हणून आपल्याकडे संध्याकाळ सुटते. मुंबईत ती सुटत नाही, तिथे ऑक्टोबरची सरासरी एकोणतीसच्या आसपास, आपल्यापेक्षा जास्त.

नौतपा म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यापासूनचे नऊ दिवस. पंचांगकर्त्यांनी कोष्टक न बघता बरोबर जागा धरली होती.

---

लष्करची_लेक | २२ मे, रात्री ८:१०

म्हणजे ग्वाल्हेरला सूर्य कधीच थेट डोक्यावर येत नाही? आम्ही तर कर्कवृत्ताच्या बरेच वर.

---

आकडेमोड | २२ मे, रात्री ८:१४

कधीच नाही. २१ जूनलाही तीनएक अंश दक्षिणेला कललेला.

---

लष्करची_लेक | २२ मे, रात्री ८:१६

तिरका येऊन एवढं भाजतो. सरळ आला असता तर काय केलं असतं!

---

निवांत_काकू | २२ मे, रात्री ९:२५

तुमचं ज्ञान होऊ द्या, पण पोरीने विचारलंय काय आणि तुम्ही कुठे गेलात. उज्जैन झालं, ग्वाल्हेर झालं, आता काशीला जाऊन या.

मीनल, मी ठाण्याची, लग्न होऊन इंदूरला आले त्याला आता चाळीस वर्षं होतील. माझी सासू इथली, माझी आई तिथली, दोघींना दोन्ही ऋतूंत सांभाळलंय. माझं ऐक.

महिना बघण्याआधी खोली बघ. पश्चिमेची भिंत असलेली खोली आईला देऊ नकोस. मेमध्ये ती भिंत रात्री दोनपर्यंत हाताला गरम लागते. पूर्वेची दे, म्हणजे हिवाळ्यात सकाळचं ऊन पलंगापर्यंत येईल.

कूलरचं म्हणशील तर मार्च अखेर ते जून मध्य, त्याच्याइतकं सुख एसीत नाही. हवा कोरडखंख असते, पाणी भराभर उडतं आणि वारा गार होतो. खसची जाळी लावलीस तर वासही छान. फक्त समोरची खिडकी उघडी ठेव. बंद खोलीत कूलर म्हणजे सोलापुरी चादर ओली करून पांघरणं. आणि जुलै लागला की बंद कर, तेव्हा तो नुसता चिकटपणा करतो. आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड येतो, म्हणून मी टाकी भरायची आधी आणि कूलर नंतर.

तारखा विचारशील तर मला सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली बघून कळतात. शिकंजीला गर्दी झाली की एप्रिल. भुट्ट्याचा किस चांगला मिळायला लागला की ऑगस्ट. गराडूचा कंद तळायला बसले की डिसेंबर. हवामानवाल्यांना उशीर होईल, गराडूवाल्याला नाही होणार.

---

राजवाड्यामागे | २२ मे, रात्री ९:३३

काकूंना शंभर टक्के अनुमोदन. फक्त शिकंजी मार्चपासूनच सुरू होते, भिया.

---

निवांत_काकू | २२ मे, रात्री ९:३६

मी भिया नाही.

---

रात्रपाळी | २३ मे, पहाटे ३:५०

ड्यूटीवर आहे, थोडक्यात लिहिते. नर्स आहे, बारा वर्षं इंदुरातच.

मुंबई-कोकणातली वयस्क माणसं उन्हाळ्यात इथे आली की एकच चूक करतात. तिथे घाम निथळतो म्हणून पाणी पितात. इथे घाम येतो पण लगेच उडून जातो, अंग कोरडं राहतं, त्यांना वाटतं घामच येत नाही. त्यात वय झालं की तहान कमी लागते. दोन दिवसांनी चक्कर, लघवी कमी, आणि मग आमच्याकडे. आई एप्रिल ते जूनमध्ये इथे असल्याच तर तहानेची वाट न बघता ठरावीक वेळाने पाणी, ताक, पन्हं. बीपी किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर पाणी-मीठ किती, हे आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. दमट मुंबईची सवय असलेल्या शरीराला कोरडी उष्णता अंगवळणी पडायला एक-दोन आठवडे लागतात, त्यामुळे थेट मेमध्ये आणून सोडू नका.

हिवाळ्यात उलट. डिसेंबरची सरासरी रात्र दहा-अकरा, पण उत्तरेकडून वारा फिरला की पाच-सहावरही येते. दोन्ही वेळा सर्दी झाली ती त्या पहिल्याच रात्री गार फरशीवर अनवाणी चालून झाली असणार, पैज लावते. मुंबईकरांना घरात चप्पल घालायची सवय नसते.

---

मीनल_इंदूर | २३ मे, सकाळी ८:१०

रात्रपाळीताई, तुम्ही बारशाला आला होतात का? पहाटे अनवाणी देवघरात जाऊन बसली होती ती.

सगळ्यांचे आभार. ऑफिसला पळते, रात्री सविस्तर लिहिते.

---

गच्चीप्रेमी | २३ मे, दुपारी १:२०

माझं मत ऑगस्ट. दिवस अठ्ठावीस, रात्र बावीस, मुंबईच्या माणसाला पाऊस नवा नाही. इंदूरचा पाऊस वर्षभराचा मिळून मीटरभर, मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. त्यांना रिमझिम वाटेल. आणि पुढे गणपतीत अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ) बघता येतील.

---

दांडियाबाजार | २३ मे, दुपारी १:४८

ऑगस्टला विरोध. अठ्ठावीस-बावीस कागदावर गोड दिसतं, पण दिवसेंदिवस ऊन नाही, कपड्यांना वास, गुडघे कुरकुरतात. चौऱ्याहत्तरीला घराबाहेर चार पावलं टाकता येणं महत्त्वाचं. आकडेमोडसाहेब, आर्द्रतेचा रकाना कुठे गेला तुमच्या भाजणीत?

---

आकडेमोड | २३ मे, दुपारी ३:१५

मान्य. तो रकाना मी सोयीस्कर विसरलो. तापमानाच्या कोष्टकात ओल नसते, वारा नसतो, ऊन नसतं. मेच्या दुपारी आपली आर्द्रता पार खाली असते आणि ऑगस्टात दिवसभर वर. माझ्या गुडघ्यालाही हे माहीत आहे, मीच त्याला विचारलं नाही.

---

पाटनीपुरा | २३ मे, संध्याकाळी ५:३०

आज गाडीच्या काट्यावर ४८. पण सावलीत लावून दहा मिनिटं थांबलो तर ४३ वर आला. बरं, मानलं.

---

मीनल_इंदूर | २३ मे, रात्री १०:२०

सविस्तर लिहायचं कबूल केलं होतं.

चिमटा यांनी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं त्याचं उत्तर: नाही, विचारलं नव्हतं. आज फोन लावला आणि अख्खा धागा वाचून दाखवला. कांद्याच्या खिशावर खूप हसली. अनवाणी चालण्याचं म्हटल्यावर गप्प झाली, मग म्हणाली, "ती नर्स शहाणी आहे."

मी सांगितलं की ऑक्टोबरात दिवस बत्तीस-तेहतीस, डोंबिवलीच्या सवयीचाच, रात्र अठरा, आणि पुढे थंडी हळूहळू वाढत जाईल, म्हणजे अंगाला सवय होईल. मार्चअखेरपर्यंत राहायचं आणि कूलर काढायच्या आत परत. यावर तिचं म्हणणं, "मला ते अठरा-बत्तीस सांगू नकोस. कोजागिरीला गच्चीवर बसलं तर शाल लागते की नाही, एवढं विचार त्यांना."

तर विचारतेय.

---

राजवाड्यामागे | २३ मे, रात्री १०:२६

दूध आटेपर्यंत नाही. दूध पिऊन झाल्यावर हो.

---

गच्चीप्रेमी | २३ मे, रात्री १०:३१

विजयनगरला शाल खांद्यावर, काकांच्या गच्चीवर कानावर. यावर तरी एकमत करू.

---

लष्करची_लेक | २३ मे, रात्री १०:४०

ग्वाल्हेरला स्वेटर. पण आम्हाला कोण विचारतं.

---

दांडियाबाजार | २३ मे, रात्री १०:५२

मुंबई-इंदूर अवंतिका एक्सप्रेसने येणार असतील तर गाडी रात्री आमच्या स्टेशनवरून जाते. डब्याचा नंबर कळवा, शाल मीच आणून देतो. बडोद्याला ती पडूनच आहे.

---

निवांत_काकू | २३ मे, रात्री ११:०५

मीनल, कोजागिरीला दूध आमच्या गच्चीवर आटवू, चारही बाजू मोकळ्या आहेत. आईला साखर चालते का तेवढं कळव. आणि चपला मी आत्ताच घेऊन ठेवते, नंबर काय?

---

मीनल_इंदूर | २३ मे, रात्री ११:१२

पाच. साखर निम्मी.